मुलीचे इंजिनिअरिंग : पिंपळगावहून रोज नाशिक, की पुण्यात खोली?

पिंपळगावकर

नमस्कार. माझी थोरली मुलगी यंदा बारावी झाली असून एमएचटी-सीईटीत तिला ९४ च्या पुढे पर्सेंटाइल मिळाले आहेत. पसंतीक्रम भरायला चार दिवस उरले आहेत आणि घरात एकमत होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

आमचे गाव पिंपळगाव बसवंतपासून चार किलोमीटर आत आहे. साडेचार एकर द्राक्षबाग आहे. घरात माझी म्हातारी आई, मी, पत्नी, ही मुलगी आणि नववीतला मुलगा अशी पाच माणसे आहोत. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या पाहता मुलीला नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटर ब्रँच मिळेल असे दिसते, आणि पुण्यात एका जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळू शकेल. तिची स्वतःची ओढ कॉम्प्युटरकडे आहे. परंतु पुण्याचे नाव निघाले की तिचा चेहरा उजळतो, हेही मी पाहिले आहे.

नाशिक घेतले तर तिने घरून ये-जा करावी असे माझ्या पत्नीचे मत आहे. सकाळी पावणेसातला मी तिला गाडीवर पिंपळगावच्या स्टँडवर सोडायचे, तेथून ओझर, आडगावमार्गे बसने पंचवटी, आणि संध्याकाळी तसेच परत. जाऊन-येऊन तीन तास धरावे लागतील. पुणे घेतले तर खोली, मेस आणि प्रवास यांचा खर्च वाढतो. दोन हंगाम पावसाने बाग गेल्यामुळे सोसायटीचे कर्ज अंगावर आहे, तरीही खर्चाची तोंडमिळवणी मी कशीही करीन. माझी खरी अडचण वेगळी आहे. पत्नीला पाठीचा त्रास आहे, आईला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि घरातला निम्मा भार ही मुलगीच उचलते. हे मी तिच्यासमोर कधी बोललो नव्हतो. परवा बोललो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या जागी मुलगा असता तर तुम्ही हा हिशेब केला असता का?" मला उत्तर देता आले नाही.

ज्यांनी घरून ये-जा करून शिक्षण घेतले आणि जे बाहेर राहिले, अशा दोन्ही प्रकारच्या मंडळींचे अनुभव वाचायला मिळाले तर फार उपकार होतील.

सिन्नरची लेक

काका, मी सिन्नरहून नाशिकला चार वर्षे ये-जा करून २०१९ मध्ये इंजिनिअर झाले, म्हणून मला यावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे वाटते.

तीन तास हा आकडा कागदावर लहान दिसतो. वर्षाला कॉलेजचे दोनशे दिवस धरले तरी ते सहाशे तास होतात, आणि ते तास दिवसाच्या दोन सर्वांत मोलाच्या टोकांना जातात. सकाळी डोके ताजे असते तेव्हा मी बसमध्ये उभी असायचे, आणि संध्याकाळी वर्गातली मुले लॅबमध्ये थांबून एकमेकांचे प्रोग्रॅम दुरुस्त करत असायची तेव्हा मी द्वारका चौकातल्या कोंडीत अडकलेली असायचे. प्रात्यक्षिक साडेचारला संपले की पावणेपाचच्या बसकडे धावायचे, कारण ती चुकली तर पुढच्या गर्दीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. तिसऱ्या वर्षी आमच्या विभागातल्या काही जणांनी एका स्पर्धेसाठी रोबोट बांधला. गटात मला घेतले होते, पण काम रात्री आठपर्यंत चालायचे. पंधरा दिवसांनी मी स्वतःहून नाव मागे घेतले. त्या गटातल्या चौघांशी माझे संबंध आजही चांगले आहेत, परंतु त्यांचे आपापसांत जे नाते जमले त्यात मी नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्या नात्याचा त्यांना किती उपयोग झाला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, घरी पोहोचल्यावर मी विद्यार्थिनी उरत नसे. साडेसहाला घरात पाऊल टाकले की पीठ मळणे माझे, धाकट्याचा अभ्यास माझा, पाहुणे आले तर चहा माझा. कोणी जबरदस्ती करत नव्हते. आई दिवसभर राबलेली दिसायची आणि हात आपोआप कामाला लागायचे. रात्री दहाला पुस्तक उघडले की अर्ध्या तासात डोळे मिटायचे.

तरीही पुण्याला जाच, असे मी म्हणणार नाही. माझा सल्ला आहे की नाशिकचे महाविद्यालय निवडले तर तिला नाशिकमध्येच खोली घेऊन द्या. घराजवळचे कॉलेज आणि घरातून कॉलेज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरी हा फरक कोणाच्या लक्षातच आला नाही. तीस किलोमीटरसाठी खोली कशाला, एवढ्या एका वाक्यावर माझी चार वर्षे ठरली.

जुना नाशिककर, सध्या पुणे

मी २०११ मध्ये इंदिरानगरहून पुण्याला गेलो आणि तेथेच स्थायिक झालो. खर्चाचा आणि त्रासाचा भाग आधी सांगतो, म्हणजे पुढचे म्हणणे एकतर्फी वाटणार नाही.

पहिले वर्ष कठीण गेले. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, एका खोलीत आम्ही चौघे होतो, खिडकी एकच होती आणि तीही डक्टमध्ये उघडणारी. मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला आगाऊ द्यावे लागत, आणि खाडा सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरत नसत, म्हणजे शनिवार-रविवार घरी आले तरी जेवणाचे पैसे जायचेच. सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. दोन रात्री खोलीतल्या मुलांनी आळीपाळीने जागून काढल्या, त्यातला एक लातूरचा होता आणि त्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. वर्षअखेरीस खोली सोडताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली निम्मे डिपॉझिट ठेवून घेतले. सध्या माझा भाचा पुण्यात शिकतो आहे. त्याच्या कॉटचे साडेसहा हजार आणि मेसचे चार हजार, असे महिन्याला साडेदहा हजार धरले तर अकरा महिन्यांचे एक लाख पंधरा हजारांच्या पुढे जातात. यात प्रवास, झेरॉक्स, औषधपाणी नाही. हा आकडा तुम्ही कर्जाच्या हप्त्याशेजारी मांडून पाहावा.

आता दुसरी बाजू. आमच्या मजल्यावर शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी राहायचे. त्यांच्या खोलीत रात्री सोल्डरिंगचा वास यायचा. मी पहिल्यांदा दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला आत बोलावून हातात सोल्डर गन दिली आणि जळालेला सर्किट बोर्ड पुढे ठेवला. अभ्यासक्रमात जी गोष्ट मला तिसऱ्या वर्षी शिकवली गेली, ती मी पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी हाताने केली होती. अशी माणसे नाशिकमध्ये नाहीत असे मुळीच नाही. परंतु ती रात्री अकराला भेटतात, आणि रात्री अकराला त्यांच्यामध्ये असण्यासाठी तेथे राहावे लागते.

नाशिकमध्ये खोली घेण्याच्या सूचनेबद्दल मात्र मला शंका आहे. घर तीस-पस्तीस किलोमीटरवर असेल तर प्रत्येक लहानमोठ्या कारणासाठी तिला बोलावणे येईल. आजीला दवाखान्यात न्यायचे आहे, मजूर आले नाहीत, धाकट्याची परीक्षा आहे. पुण्याहून कोणी बोलावत नाही, कारण पाच-सहा तासांचा रस्ता आहे. नाशिकहून बोलावतील, आणि ती येईल. म्हणजे खोलीचे भाडेही जाईल आणि मोकळीकही मिळणार नाही.

माजी प्रवेश लिपिक

मी एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात सव्वीस वर्षे काम केले आहे. अनुभवाचे इतर मंडळी लिहीतच आहेत, मी फक्त नियमांविषयी लिहितो, कारण दरवर्षी पालक चुकीच्या समजुतीवर निर्णय घेताना पाहतो.

पहिली समजूत अशी की पुणे म्हणजे दुसरे विद्यापीठ, म्हणून नाशिकच्या मुलांना तेथे कमी जागा. हे खरे नाही. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ १९४९ चे आहे, सध्याचे नाव २०१४ मध्ये मिळाले. ज्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या आणि ३० टक्के जागा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अशी विभागणी असते, त्यांत तुमची मुलगी पुण्यातही गृह विद्यापीठाचीच ठरते. मुंबई, संभाजीनगर किंवा नागपूर निवडले तर गणित बदलते. स्वायत्त महाविद्यालयांचे आणि सीओईपीसारख्या स्वतंत्र विद्यापीठ झालेल्या संस्थांचे नियम निराळे असतात, ते माहितीपुस्तिकेत पाहावेत. आणखी एक बाब लक्षात घ्यावी. दोन्ही महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न असतील, तर पदवी एकाच विद्यापीठाची असते. अशा वेळी फरक शिक्षक, प्रयोगशाळा आणि सोबतच्या मुलांचा असतो.

दुसरी बाब शुल्काची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातून केंद्रीभूत प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात, त्यांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "मुलींचे शिक्षण मोफत" असे ऐकून पालक निर्धास्त होतात. परंतु माफी या दोन शुल्कांपुरतीच आहे. वसतिगृह, मेस, पुस्तके यांचा तिच्याशी संबंध नाही. संस्थास्तरावरील व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, हे तर अनेकांना पैसे भरल्यावर कळते.

तिसरी बाब निवासाच्या खर्चाची, जी तुमच्या उपयोगाची ठरू शकेल. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. साडेचार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत. तेव्हा तहसील कार्यालयातून अल्पभूधारक दाखला काढून ठेवा आणि बाकीचे निकष महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर तपासा. इतर वाचकांसाठी सांगतो की, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिची वार्षिक रक्कम मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६०,००० रुपये आणि नाशिकसारख्या विभागीय शहरात ५१,००० रुपये अशी ठरलेली आहे. पेठ, सुरगाणा, कळवण भागातील आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर स्वयम् योजना आहे. या योजनांचे पैसे बहुधा उशिरा हातात पडतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची सोय स्वतःची ठेवावी.

शेवटचे, पसंतीक्रमाविषयी. जे महाविद्यालय खरोखर हवे आहे तेच पहिल्या क्रमांकावर लिहा. "मिळते का ते पाहू" म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. एका पालकांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून असेच केले होते. त्यांची मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली, आणि मला काहीही करता आले नाही.

पिंपळगावकर

सर्वांचे मनापासून आभार. लिपिकसाहेब, अल्पभूधारक दाखल्याचे आमच्या ध्यानीमनी नव्हते. उद्याच निफाडला तहसीलमध्ये जातो.

सिन्नरच्या ताईंचे लिहिणे मी पत्नीला वाचून दाखवले. "घरात पाऊल टाकले की पीठ मळणे माझे" या वाक्यापाशी तिने मला थांबवले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली की आपल्याकडेही तसेच होईल. मी नाही म्हणालो तरी होईल, कारण बागेचे वेळापत्रक माझ्या हातात नाही. ऑक्टोबर छाटणी, वेलीच्या डोळ्यांना पेस्ट, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे, अशी कामे पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत चालतात, आणि माल काढणीला येतो तो जानेवारीपासून पुढे, म्हणजे दुसरे सत्र. त्या महिन्यांत घरातले कोणीही मोकळे नसते.

पुण्यातल्या दादांनी बोलावणे येण्याविषयी जे लिहिले आहे, तेही मला खोटे म्हणता येत नाही.

कॉलेज रोडवरची आई

एक निराळी बाजू मांडते. माझी मुलगी गेली दोन वर्षे एच.पी.टी. आर्ट्स आणि आर.वाय.के. सायन्स महाविद्यालयात फिजिक्स शिकते आहे. तिलाही पुण्याची ओढ होती आणि मी तिला थांबवले. खर्च हे कारण नव्हते. सतराव्या वर्षी ती बाहेर राहण्यास तयार नव्हती, एवढेच. दहावीनंतर एका शिबिरासाठी बारा दिवस बाहेर राहिली, तेव्हा चौथ्या दिवसापासून तिने जेवण सोडले होते. हे तिच्या मैत्रिणींना माहीत नव्हते, मला माहीत होते.

गंगापूर नाक्याहून ती सायकलने दहा मिनिटांत कॉलेजला पोहोचते. १९२४ पासून चालत आलेले महाविद्यालय आहे, जुनी प्रयोगशाळा आहे, आणि वर्गात मुले कमी असल्यामुळे प्राध्यापक तिला नावाने ओळखतात. आता ती स्वतःच म्हणते की पदवीनंतर पुण्याला जाईन. नव्या धोरणाप्रमाणे चौथे वर्ष करून ऑनर्स घेतले तर पुढचे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे राहते, तेव्हा नेमके कधी निघायचे हे तिला ठरवता येईल. एकविसाव्या वर्षी निघणारी मुलगी आणि सतराव्या वर्षी निघणारी मुलगी यांत मोठा फरक असतो.

पिंपळगावच्या दादांची मुलगी तशी आहे की नाही हे आम्ही येथे बसून सांगू शकत नाही. परंतु तिच्या आईला ते ठाऊक असेल. आमच्या घरी कॉलेज दहा मिनिटांवर होते म्हणून हे जमले, हेही मान्य करते.

शनिवारची बस

प्रवासाविषयी थोडक्यात लिहितो, कारण चार वर्षे नाशिक-पुणे दर पंधरा दिवसांनी केले आहे. थेट रेल्वेमार्ग नाही. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव असा सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा रस्ता आहे. चाकणपर्यंत बरे जाते, त्यापुढे शुक्रवारच्या संध्याकाळी किती वेळ लागेल याचा नेम नसतो. एसटी वाकडेवाडीला सोडते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व बसमध्ये अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची चिंता मुलीच्या बाबतीत निम्मी झाली. मात्र शनिवारी दुपारी घरी पोहोचून रविवारी दुपारी निघावे लागते, म्हणून महिन्यातून एकदाच येणे शहाणपणाचे.

पिंपळगावकर

मुलीने हा सगळा धागा वाचला आहे. तिला स्वतः लिहायचे आहे, म्हणून माझ्याच खात्यावरून तिचे लिहिणे खाली देतो. मी त्यात एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

नमस्कार. माझ्या भविष्याविषयी एवढ्या अनोळखी माणसांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे, म्हणून मीही मनातले लिहिते.

बाबांनी लिहिले नाही अशी एक गोष्ट आहे. गेल्या डिसेंबरच्या शेवटी थंडी फार वाढली होती. थंडीत मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेला पाणी द्यावे लागते आणि बांधावर शेकोट्या पेटवाव्या लागतात, म्हणजे धूर ओळींमध्ये राहून थोडी ऊब धरतो. दुसऱ्या दिवशी माझी फिजिक्सची पूर्वपरीक्षा होती. अडीचच्या सुमारास बाबा उठल्याचा आवाज आला, मग कडीचा, मग मोटारीच्या स्टार्टरचा. मला कोणी हाक मारली नाही. उलट बाबांनी जाताना माझ्या खोलीचे दार ओढून घेतले. मी पांघरुणात दहा मिनिटे पडून राहिले आणि मग उठून गेले. पाचटाचे भारे धरून बाबांबरोबर ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले. साडेपाचला हातापायांना धुराचा वास घेऊन परत आले आणि आठच्या बसने परीक्षेला गेले. पेपर बरा गेला नाही.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. ती रात्र मला आवडली होती. बाबांनी मळ्यात चहा केला होता आणि आम्ही दोघांनी एकाच पेल्यातून घेतला. परंतु मला त्या रात्री एक गोष्ट समजली की, बागेत दिवे लागलेले दिसत असताना मी झोपू शकत नाही. मला बोलावण्याची गरजच नाही. त्यामुळे मी घरी राहिले तर आईबाबा कितीही "तू अभ्यास कर" म्हणाले तरी माझ्याकडून तो होणार नाही. सिन्नरच्या ताईंचे वाचताना मला हेच आठवत राहिले.

पुण्याविषयी. पुण्यातल्या दादांनी लिहिलेली सोल्डर गनची गोष्ट मी तीन वेळा वाचली. मला अशीच माणसे हवी आहेत. पण मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले की मला ई अँड टीसी हवे आहे का, तर उत्तर नाही असे आले. अकरावीत शाळेच्या संगणकावर मी द्राक्षाच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. चुकत होता, तो दुरुस्त करताना दोन दिवस मला जेवणाची आठवण राहिली नाही. शहराच्या नावासाठी चार वर्षे दुसरे काही शिकणे मला जमणार नाही. काल बाबांबरोबर पंचवटीतले महाविद्यालय पाहून आले. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, सुटी झाली होती, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या एका लॅबमध्ये सात-आठ मुलेमुली बसलेली होती. मी शिपाईकाकांना विचारले, तर ते म्हणाले की ही रोजचीच आहेत, सातला मीच त्यांना उठवतो. मला त्या सातपर्यंत तेथे बसायचे आहे, आणि त्यासाठी मला बसची वेळ पाहायला लागू नये.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पहिला क्रमांक नाशिक, कॉम्प्युटर. राहणे नाशिकमध्ये, कॉलेजपासून चालत जाता येईल अशा खोलीत. दुसरा आणि तिसरा क्रमांक पुण्यातील कॉम्प्युटर आणि आयटी, जेथे मिळेल तेथे. ई अँड टीसी त्याखाली. पुण्यातल्या दादांची शंका खरी आहे. मला बोलावले नाही तरी मी जाईन, हा धोका माझ्याच स्वभावात आहे. त्यासाठी मी ठरवले आहे की दर दुसऱ्या शनिवारी घरी जायचे, मधल्या काळात नाही, आणि छाटणी सुरू आहे की माल निघतो आहे हे फोनवर विचारायचे नाही.

जुना नाशिककर, सध्या पुणे

माझी शंका मी मागे घेतो. ब्रँचचा मुद्दा मी शहराच्या भरात नीट पाहिलाच नव्हता. ज्या लॅबमध्ये ती मुले बसलेली दिसली, तेथे पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात जाऊन बसावे. कोणी विचारले तर सांगावे की शिकायला आले आहे. मला तरी दारातून कोणी परत पाठवले नव्हते.

सिन्नरची लेक

वाचून फार बरे वाटले. एक सूचना : खोली पाहताना संध्याकाळी सातनंतर जाऊन पाहावी. दिवसा सगळे रस्ते चांगले दिसतात. दिवे कोठपर्यंत आहेत, रिक्षा कोठे मिळते, खालच्या मजल्यावर कुटुंब राहते का, हे रात्रीच कळते. आणि दर दुसऱ्या शनिवारचा नियम आईलाही मान्य आहे ना, हे आत्ताच विचारून घ्यावे.

पिंपळगावकर

तिच्या आईने विचारल्याशिवायच सांगितले की मान्य आहे. विरळणीला यंदा दोन बायका जास्त लावू, असे आमचे ठरले आहे. त्याचा खर्च आणि खोलीचे भाडे असे दोन्ही मिळून हिशेब बसतो, ओढाताण होईल पण बसतो. आजी मात्र कालपासून रुसून बसली होती. आज सकाळी तिने जुनी गादी उन्हात टाकली आणि पिंजाऱ्याला निरोप द्यायला सांगितले.

दाखल्याचा अर्ज दिला आहे. पसंतीक्रम मुलीने जसा लिहिला तसाच आज संध्याकाळी भरला, मी फक्त ओटीपी सांगितला. आता रविवारी अमृतधाम आणि नांदूर नाका या बाजूला खोल्या पाहायला जातो आहोत, ताईंच्या सांगण्याप्रमाणे संध्याकाळी. त्या भागात मुलींसाठी एखादी चांगली मेस कोणाला माहीत असेल तर कृपया कळवावे. भाजी फार तिखट नसावी, आणि दोन दिवसांचा खाडा धरणारी असेल तर उत्तम.